एका सर्व्हरवर तीन-चार टॉमकॅट: एक बंद केला की दुसराच पडतो, लॉगिन उडतं, पोर्ट अडकतं... कुठून बघायला सुरुवात करायची

गेली बरीच वर्षं मी हेच काम करतोय, छोट्या पतसंस्था, एखादी शाळा, एखादा कारखाना, जिथे सर्व्हर एकच असतो आणि त्यावर तीन-चार ॲप्लिकेशन चालवायची असतात, आणि प्रत्येकाला वेगळा टॉमकॅट (जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) द्यायचा असतो. महिन्यातून एकदा तरी हाच फोन येतो. दुखणं प्रत्येक वेळी वेगळं वाटतं पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: दोन इन्स्टन्स (म्हणजे एकाच मशीनवर चालणारे वेगवेगळे टॉमकॅट) अशी एखादी गोष्ट वाटून घेतायत जी त्यांनी वाटून घ्यायला नको होती. ती कोणती हे शोधायचं, बस. शोधायचा क्रम मात्र पाळा, कारण घाबरून आधी मेमरी वाढवली, जावा बदलली, मशीन रिबूट केलं की खरं कारण झाकलं जातं आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

लक्षणं आधी. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा:

– नवा टॉमकॅट सुरू केला, लॉगमध्ये सर्व्हर स्टार्टअप इतक्या मिलिसेकंदात झालं अशी ओळ आली, आणि लगेच प्रोसेस गायब.
– प्रोसेस चालू दिसते पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, किंवा उघडतं ते दुसऱ्याच ॲप्लिकेशनचं.
– दुसरा बंद करायला शटडाऊन मारला आणि पहिला बंद पडला.
– एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब, एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातलं लॉगिन उडतं.
– चार-पाच दिवस व्यवस्थित चालतं आणि एका रात्री एक इन्स्टन्स लॉगमध्ये काहीही न लिहिता मरतो.
– रिबूटनंतर चारातले तीनच उठतात, आणि न उठणारा दर वेळी वेगळा.
– ग्राहकाला एकच एसएमएस दोनदा जातो.

(कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात टाका, आणि कॅपिटल-स्मॉलकडे लक्ष द्या, लिनक्सला तो फरक कळतो.)

१. आपण नक्की कोणत्या इन्स्टन्समध्ये आहोत?

फुकटची तपासणी, दोन मिनिटांची, आणि निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं.

टॉमकॅटमध्ये दोन फोल्डरची कल्पना आहे. एक कॅटलिना होम, म्हणजे जिथे टॉमकॅटचा मूळ सामान आहे, बिन आणि लिब. दुसरा कॅटलिना बेस, म्हणजे त्या इन्स्टन्सचं स्वतःचं: कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स, वर्क. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत तसं, वाडा एक, चुली वेगळ्या. होम सगळ्यांचं एक असलं तरी चालतं, उलट तेच चांगलं, अपडेट करताना एकाच जागी करावं लागतं. बेस मात्र प्रत्येकाचा वेगळा असलाच पाहिजे. आणि बेस सांगितलाच नाही तर टॉमकॅट होमलाच बेस समजतो, कसलीही तक्रार करत नाही. सगळी गडबड इथून सुरू होते.

पीएस मायनस ईएफ मारा आणि ग्रेप करून कॅटलिना डॉट बेस शोधा. प्रत्येक जावा प्रोसेसच्या लांबलचक ओळीत मायनस डी कॅटलिना डॉट बेस इज इक्वल टू करून पाथ लिहिलेला असतो. प्रत्येक पीआयडीसमोर (म्हणजे प्रोसेसच्या क्रमांकासमोर) तो पाथ कागदावर लिहून घ्या. खरंच कागदावर. दोन पीआयडीसमोर एकच पाथ आला तर तुमचं दुखणं सापडलं.

हे असं का होतं ते सांगतो कारण हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. एका पतसंस्थेत (नाव नको) एकाच मशीनवर तीन टॉमकॅट होते, एक मुख्य व्यवहारांचा, एक रिपोर्टचा, एक मोबाईल ॲपचा. मार्चअखेरची संध्याकाळ, काउंटरवर गर्दी, आणि तिथल्या मुलाने रिपोर्टवाला हळू चालतोय म्हणून तो रीस्टार्ट करायला घेतला. रिपोर्टच्या फोल्डरमध्ये गेला, तिथून शटडाऊन स्क्रिप्ट चालवली, आणि काउंटरवरच्या चारही स्क्रीन एकदम पांढऱ्या. मला फोन, "सर मी रिपोर्टच्या फोल्डरमधूनच मारलं हो, मुख्यला हात पण नाही लावला!" मुलगा खरं बोलत होता. फोल्डर रिपोर्टचा होता पण त्याच्या लॉगिनच्या प्रोफाइल फाइलमध्ये कोणीतरी पूर्वी कॅटलिना बेस एक्स्पोर्ट करून ठेवला होता, मुख्यचा. स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमधून चालवली याला टॉमकॅट किंमत देत नाही, एन्व्हायर्नमेंटमध्ये काय आहे ते बघतो. त्याने इमानदारीत मुख्यची सर्व्हर डॉट एक्सएमएल (इन्स्टन्सची मुख्य सेटिंगची फाइल) वाचली, तिथला शटडाऊन पोर्ट (बंद हो हा निरोप ज्या पोर्टवर येतो तो) घेतला आणि मुख्यला बंद केलं.

शटडाऊन स्क्रिप्ट चालवल्यावर स्क्रीनवर पहिल्या ओळी येतात, युझिंग कॅटलिना बेस, युझिंग कॅटलिना होम अशा. आपण सगळे त्या न वाचता पुढे जातो. त्या वाचायची सवय लावा.

यावर उपाय सोपा आहे. प्रोफाइल किंवा बॅशआरसीमध्ये कॅटलिना बेस कधीही ठेवू नका. सेटएन्व्ह फाइलमध्येही नाही, कारण ती फाइल कुठे आहे हेच मुळात बेसवरून शोधलं जातं, तिच्यात बेस लिहून उपयोग नाही. प्रत्येक इन्स्टन्सला स्वतंत्र सिस्टमडी युनिट (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करायची फाइल) करा आणि त्यात एन्व्हायर्नमेंटच्या ओळीत बेस आणि होम दोन्ही लिहा. मग सुरू-बंद फक्त सिस्टमसीटीएलने, हाताने स्क्रिप्ट मारणं पूर्ण बंद. हाताने सुरू केलं की चालतं आणि रिबूटनंतर चालत नाही, किंवा सुडोने मारलं की वेगळंच होतं, याचंही कारण हेच: सुडो आणि क्रॉन तुमच्या लॉगिनचं एन्व्हायर्नमेंट घेऊन जात नाहीत.

विंडोजवर असाल तर सर्व्हिस इन्स्टॉल करायच्या आधी कमांड विंडोमध्ये बेस सेट करायचा आणि सर्व्हिस बॅच फाइल चालवताना सर्व्हिसला प्रत्येक वेळी वेगळं नाव द्यायचं. बेस सेट न करता सर्व्हिस इन्स्टॉल केली तर नाव वेगळं असूनही आत तेच बिऱ्हाड.

२. पोर्ट, आणि त्यातला शटडाऊनवाला

पोर्ट वेगळे द्यायचे हे सगळ्यांना माहिती असतं. पण लोक फक्त ८०८० बदलतात, ८०८१ करतात, आणि झालं म्हणतात. सर्व्हर डॉट एक्सएमएल उघडा, सगळ्यात वरच्या सर्व्हर टॅगमध्ये ८००५ दिसेल. तो शटडाऊन पोर्ट. फोल्डर कॉपी करून इन्स्टन्स बनवला असेल तर तो तसाच राहिलेला असतो, दहात आठ वेळा.

इथे एक बारकावा आहे जो कळला की लॉग वाचणं सोपं जातं. एचटीटीपीचा पोर्ट आधीच कोणी घेतलेला असेल तर टॉमकॅट मरत नाही. लॉगमध्ये सिव्हिअर म्हणून कनेक्टर (पोर्टवर ऐकणारा भाग) इनिशियलाइज झाला नाही असं लिहितो, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज लिहितो, आणि बाकी सगळं उघडून चालू राहतो. म्हणून प्रोसेस दिसते, ॲप्लिकेशन डिप्लॉय झालेलं दिसतं, शेड्युलरसुद्धा पळत असतात, पण दारच उघडलेलं नाही. शटडाऊन पोर्ट अडकला तर उलट होतं. टॉमकॅट सगळं उघडतो, स्टार्टअप झालं असं लिहितो, आणि सगळ्यात शेवटी शटडाऊन पोर्ट धरायला जातो, तो मिळत नाही, मग स्वतःच शांतपणे सगळं बंद करतो. लक्षणांत पहिलं लिहिलंय ना, सुरू झालं आणि गायब, ते हे.

आणि यातला धोका बघा. तो दुसरा जिवंत नाहीये पण तुम्हाला वाटतंय अर्धवट अडकलाय, म्हणून तुम्ही त्याच्यावर शटडाऊन मारता, तो निरोप ८००५ वर जातो, आणि तिथे ऐकत बसलेला असतो पहिला. पहिला बंद.

मग काय करायचं: एसएस मायनस एलटीएनपी मारा, रूट म्हणून, म्हणजे कोणता पीआयडी कोणत्या पोर्टवर ऐकतोय ते दिसेल. मघाच्या कागदावर पीआयडीच्या पुढे पोर्ट लिहा. मी स्वतः शंभराच्या पायऱ्या ठेवतो, पहिला ८००५ आणि ८०८०, दुसरा ८१०५ आणि ८१८०, तिसरा ८२०५ आणि ८२८०. आकडा बघूनच कोणाचा पोर्ट आहे ते कळतं, रात्री दोन वाजता डोळ्यांवर झोप असताना याचा फार उपयोग होतो. टॉमकॅट ९ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सर्व्हर टॅगला पोर्टऑफसेट देता येतो, त्यात १०० टाकलं की शटडाऊन आणि कनेक्टर सगळे शंभरने सरकतात, तेही चांगलं.

सिस्टमडी वापरत असाल तर मी शटडाऊन पोर्ट सरळ मायनस १ करतो, म्हणजे तो उघडतच नाही. मग चुकीच्या घराचं दार वाजवायचा प्रश्नच संपला. पण मग कॅटलिना पीआयडीची फाइल द्यावी लागते, नाहीतर स्टॉप स्क्रिप्टला कोणाला सिग्नल द्यायचा ते कळणार नाही. आणि ती पीआयडी फाइलसुद्धा प्रत्येकाची वेगळी! एकच फाइल दोघांना दिली तर दुसऱ्याला सुरू करताना आधीच चालू आहे म्हणून स्टार्ट अबॉर्टेड येतं.

बाकीचे पोर्ट पटकन. एजेपीचा (पुढे लावलेल्या वेब सर्व्हरशी बोलायचा प्रोटोकॉल) ८००९: फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचा दोष उघड झाला, त्यानंतर ९.०.३१, ८.५.५१, ७.०.१०० पासून तो कनेक्टर मुळातच कॉमेंट करून येतो, आणि उघडला तर सीक्रेट द्यावं लागतं, नाही दिलं तर सुरूच होत नाही. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर आलात आणि एजेपी बंद पडला तर हे बघा. वापरत नसाल तर बंदच ठेवा. डिबगचा ८०००: डेव्हलपरने जेपीडीए चालू ठेवला असेल तर दोघंही ८००० मागतात. जेएमएक्सचा (चालू जावावर बाहेरून नजर ठेवायची सोय) पोर्ट: तो जावा ऑप्ट्समध्ये लिहिला असेल तर शटडाऊन करताना जी छोटी जावा प्रोसेस सुरू होते तीही तोच पोर्ट मागते, आणि पोर्ट ऑलरेडी इन यूज म्हणून बंदच होत नाही. जेएमएक्स, हीप (जावाची मुख्य मेमरी), जीसीचे (ती मेमरी साफ करायचं काम) सगळे पर्याय कॅटलिना ऑप्ट्समध्ये लिहायचे, ते फक्त सुरू करताना लागू होतात.

३. जुना अजून मेलाच नाही

शटडाऊन मारलं, कमांड परत आली, म्हणून आपण लगेच स्टार्ट मारतो. पण शटडाऊन स्क्रिप्ट नुसता निरोप देऊन परत येते. ॲप्लिकेशनने स्वतःचे थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) उघडून ठेवले असतील आणि ते बंद केले नसतील तर कनेक्टर बंद होतो पण जावा प्रोसेस लटकून राहते, मेमरी धरून, डेटाबेसची कनेक्शन धरून. तुम्ही वर नवा सुरू केलात, आता एकाच बेसवर दोन प्रोसेस. असं चार वेळा केलं की मशीन गुदमरतं आणि मग दोष रॅमला.

स्टॉपनंतर पीएसने बघा, गेलाय का. नसेल तर थांबा तीस सेकंद. तरी नाही तर जेस्टॅक (कोणता थ्रेड काय करतोय त्याची यादी) घ्या त्या पीआयडीचा, फाइलमध्ये ठेवा, आणि मग किल. साधा किल आधी, मायनस ९ सगळ्यात शेवटी, आणि त्या इन्स्टन्समधून पैशाचे व्यवहार होत असतील तर मायनस ९ मारायच्या आधी ज्याचं ॲप्लिकेशन आहे त्याला विचारा. ती जेस्टॅकची फाइल डेव्हलपरला पाठवा, कोणता थ्रेड अडवून बसलाय ते त्यात नावानिशी असतं.

४. पोर्ट कोणीच ऐकत नाहीये तरी अडकलेला

हे मला पहिल्यांदा सापडायला तीन रात्री लागल्या म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एके ठिकाणी कोणीतरी ८००० च्या आसपासचे पोर्ट संपले (असं त्यांना वाटलं) म्हणून शटडाऊनला ३८००५, ३८१०५ असे पोर्ट दिले होते. महिना-महिना चालायचं. मग एखाद्या रीस्टार्टला एक इन्स्टन्स उठायचा नाही, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. एसएस मायनस एलटीएनपी मारलं तर त्या पोर्टवर कोणीही नाही. पाच मिनिटांनी परत सुरू केला की उठायचा. लोक म्हणायचे सर्व्हरला उचकी लागलीय.

झालं असं होतं की लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला स्वतःच्या बाजूचा पोर्ट एका ठरलेल्या पट्ट्यातून देतो, आणि तो पट्टा साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ असतो. टॉमकॅट बंद असलेल्या त्या दहा-वीस सेकंदांत शेजारच्याच इन्स्टन्सने डेटाबेसकडे एक कनेक्शन उघडलं, लिनक्सने त्याला नेमका ३८००५ दिला, आणि आता जोपर्यंत ते कनेक्शन आहे तोपर्यंत आपल्याला तो पोर्ट नाही. एलच्या पर्यायाने फक्त ऐकणारे दिसतात, हे दिसत नाही. एसएस मायनस टीएएनपी मारा, एल काढून ए, मग ते एस्टॅब्लिश्ड कनेक्शन डाव्या बाजूला तुमचा पोर्ट घेऊन बसलेलं दिसतं.

पट्टा बघायला प्रॉक, सिस, नेट, आयपीव्ही४ खाली आयपी लोकल पोर्ट रेंज ही फाइल कॅट करा. ऐकायचे सगळे पोर्ट त्या पट्ट्याच्या बाहेर ठेवा. बदलणं शक्यच नसेल तर त्याच फोल्डरमध्ये आयपी लोकल रिझर्व्ह्ड पोर्ट्स आहे, तिथे ते आकडे राखून ठेवता येतात, आणि ते सिसीटीएलच्या फाइलमध्येही लिहा नाहीतर रिबूटला पुसलं जाईल. रिबूटनंतर दर वेळी वेगळाच इन्स्टन्स न उठणं, त्यात हे कारण बऱ्याचदा असतं.

५. लॉगिन उडतंय

याचे फोन सगळ्यात जास्त आणि याला खर्च शून्य. एकाच आयपीवर ८०८० ला एक ॲप्लिकेशन, ८१८० ला दुसरं. वापरणाऱ्या मॅडम एका टॅबमध्ये कर्जाची स्क्रीन आणि दुसऱ्यात रिपोर्ट उघडतात, रिपोर्टमध्ये लॉगिन केलं की कर्जाची स्क्रीन म्हणते परत लॉगिन करा. त्या म्हणतात नेटवर्क खराब आहे. नेटवर्कवाला येऊन केबल बदलून जातो.

कारण असं की ब्राउझर कुकी ठेवताना होस्ट आणि पाथ बघतो, पोर्ट बघत नाही. दोन्ही टॉमकॅट जेसेशनआयडी याच नावाची कुकी देतात. दोन्ही ॲप्लिकेशन रूटवर असतील किंवा एकाच नावाच्या पाथवर असतील तर दुसऱ्याची कुकी पहिल्याच्या डोक्यावर बसते. पहिल्याला अनोळखी आयडी मिळतो, तो नवीन सेशन देतो, ती कुकी परत दुसऱ्याला खोडते, असं चालूच.

तपासायला ब्राउझरमध्ये एफ१२, ॲप्लिकेशन टॅब, कुकीज. दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करायच्या आधी आणि नंतर पहिल्या टॅबमधल्या जेसेशनआयडीची किंमत बघा. बदलली की खात्री. उपाय: बेसच्या कॉन्फमधल्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट टॅगला सेशनकुकीनेम द्या, प्रत्येक इन्स्टन्सला वेगळं. किंवा प्रत्येकाला वेगळं सबडोमेन द्या, ते जास्त स्वच्छ. फक्त पोर्ट बदलून हे कधीच सुटणार नाही.

पुढे एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर (प्रॉक्सी म्हणून) लावून एकच ॲप्लिकेशन दोन इन्स्टन्सवर वाटलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कुकीचं नाव एकच हवं आणि स्टिकी सेशन (एका माणसाला दर वेळी त्याच इन्स्टन्सकडे पाठवणं) हवं. अपाचीच्या बॅलन्सरला इंजिन टॅगमधला जेव्हीएमरूट प्रत्येकाचा वेगळा लागतो आणि तो बॅलन्सरमधल्या रूटच्या नावाशी अक्षरशः जुळावा लागतो. कॉपी केलेल्या फोल्डरमध्ये दोघांचा जेव्हीएमरूट एकच राहतो, आणि लॉगिन कधी टिकतं कधी नाही. रेड हॅट किंवा त्याच्या जातीचं लिनक्स असेल, टॉमकॅट थेट उघडतो पण प्रॉक्सीतून ५०२ किंवा ५०३ येतो आणि प्रॉक्सीच्या एरर लॉगमध्ये परमिशन डिनाइड दिसतं, तर एसईलिनक्स (लिनक्सची आतली सुरक्षा यंत्रणा) बघा, एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट हे बूलियन बंद असतं. एसईलिनक्सच बंद करून टाकू नका, तेवढं एक चालू करा.

६. मेमरी

इथून पुढे काम जरा जड आहे आणि चुकलं तर चालू असलेलं बंद पडतं, म्हणून कामाच्या वेळेनंतरच हात घाला.

मायनस एक्सएमएक्स दिला नसेल तर जावा मशीनच्या एकूण रॅमचा पाव भाग कमाल हीप धरते. प्रत्येक इन्स्टन्स असं धरतो, कारण प्रत्येकाला वाटतं मशीन माझ्या एकट्याचं आहे. १६ जीबीच्या मशीनवर चार इन्स्टन्स, प्रत्येकी ४ जीबी, झाले १६, आणि अजून ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, आणि हीपच्या बाहेरचा खर्च बाकी आहे. तो बाहेरचा खर्च लोक विसरतात: मेटास्पेस, कोड कॅशे, आणि प्रत्येक थ्रेडचा स्टॅक जो ६४ बिट लिनक्सवर साधारण १ एमबीपर्यंत जाऊ शकतो. टॉमकॅटचे मॅक्सथ्रेड्स काही न सांगता २०० असतात. मी हिशेब करताना हीपच्या दीडपट धरतो, हा माझा अनुभवाचा आकडा आहे, तुमच्या ॲप्लिकेशनचा वेगळा असू शकतो, आठवडाभर आरएसएस (प्रोसेसने खरंच घेतलेली रॅम) बघून ठरवा.

सुरुवातीला हे जाणवत नाही कारण जावा लगेच सगळं घेत नाही. चार-पाच दिवसांत हीप फुगत जाते, मग एका रात्री रिपोर्ट पळतात आणि लिनक्सकडे जागा उरत नाही, मग कर्नल स्वतः एकाला मारतो. मारताना बहुधा ज्याने सगळ्यात जास्त मेमरी घेतलीय त्याला निवडतो, म्हणजे दोषी कोणी दुसराच आणि मरतो मुख्य व्यवहारांवाला. जावाला काही लिहायची संधीच मिळत नाही म्हणून कॅटलिना डॉट आऊट कोरा. पुरावा डीमेसेजमध्ये असतो, मायनस टी लावून ग्रेप करून किल्ड प्रोसेस शोधा, वेळ आणि पीआयडी दोन्ही मिळतात. तो पीआयडी कागदावरच्याशी जुळवा.

लॉगमध्ये आऊट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस असं *लिहिलेलं* असेल तर ते मशीनचं नाही, त्या एका ॲप्लिकेशनचं दुखणं आहे. दोन्हीची औषधं उलटी आहेत. पहिल्यात एक्सएमएक्स कमी करायचा, दुसऱ्यात वाढवून बघायचा किंवा गळती शोधायची. न बघता वाढवला तर पहिलं दुखणं लवकर येतं.

एक छोटी गोष्ट: प्रत्येक इन्स्टन्स सगळे कोअर मोजून जीसीचे थ्रेड बनवतो. आठ कोअरवर चार इन्स्टन्स म्हणजे प्रत्येकी आठ समांतर जीसी थ्रेड. सगळे एकदम सुरू केले तर बूटला मशीन दहा मिनिटं हलत नाही. सिस्टमडीमध्ये सुरुवात पुढेमागे करा.

७. लिमिट

टू मेनी ओपन फाइल्स आलं तर ती मर्यादा प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते, पण अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड आलं तर बघा सगळे इन्स्टन्स एकाच युजरखाली चालतायत का, कारण एनप्रॉकची (किती प्रोसेस-थ्रेड चालवता येतील त्याची) मर्यादा युजरची मिळून असते आणि लिनक्स प्रत्येक थ्रेड मोजतो. म्हणजे तिसऱ्याने थ्रेड खाल्ले की पहिला बोंबलतो. प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा युजर द्या, सुरक्षेलाही तेच बरं.

आणि लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये वाढवलं तरी फरक पडत नाही अशी तक्रार येते. ती फाइल लॉगिनसाठी आहे, सिस्टमडीच्या सर्व्हिसला लागू होत नाही. युनिटमध्ये लिमिटएनओफाइल आणि लिमिटएनप्रॉक लिहा, टास्क्समॅक्सही बघा. खरंच लागू झालं का ते प्रॉकमध्ये त्या पीआयडीखाली लिमिट्स फाइलमध्ये बघा, तीच खरी.

८. बेसच्या बाहेर वाटून घेतलेलं

वरचं सगळं बरोबर असूनही त्रास होत असेल तर तो ॲप्लिकेशनच्या आत आहे. लॉगफोरजेच्या (लॉग लिहिणारी जावा लायब्ररी) फाइलमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो, दोन्ही इन्स्टन्स एकाच लॉगमध्ये लिहितात, रात्री बारा वाजता एकजण फाइलचं नाव बदलतो आणि दुसरा जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो, सकाळी अर्धा लॉग गायब. पाथमध्ये डॉलर महिरपी कंसात कॅटलिना डॉट बेस लिहिण्याची सोय आहे (लॉगफोरजे २ असेल तर आधी सिस कोलन लावून), ती वापरा.

डेटाबेस पूल (ॲप्लिकेशनने उघडून ठेवलेली डेटाबेसची कनेक्शन): पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा मुळात १०० असते, मायएसक्यूएलची १५१. चार इन्स्टन्स, प्रत्येकी ३० चा पूल, झाले १२०. दुपारी गर्दीत पोस्टग्रेस म्हणतो टू मेनी क्लायंट्स आणि सगळ्यात शेवटी सुरू झालेला इन्स्टन्स रडतो. सगळ्या पूलची बेरीज करा, मर्यादेच्या खाली ठेवा, बॅकअपला आणि ॲडमिनला काही मोकळी सोडा.

आणि शेड्युलर. एकच ॲप्लिकेशन दोन इन्स्टन्सवर, दोघांतही रात्री अकराचा जॉब, दोघंही पळणार. एसएमएस दोनदा जातो ते इथून. एसएमएसचं ठीक आहे, पण व्याज आकारणी दोनदा झाली तर?

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

व्याज, पावती, स्टॉक, काहीही दोनदा पडल्याचं दिसलं तर तो जॉब दोन्हीकडे बंद करा आणि ज्याने ॲप्लिकेशन लिहिलंय त्याला आणि डेटाबेसवाल्याला बोलवा. हाताने एंट्री उलटवायला जाऊ नका, मी दोन ठिकाणी बघितलंय, उलटवताना तिसरीच चूक पडते आणि ती ऑडिटला निघते.

बेसमध्ये एचएस एरर पीआयडी अशा नावाची फाइल सापडली तर जावा स्वतःच कोसळली आहे, ते नेटिव्ह लायब्ररीचं किंवा रॅमच्या हार्डवेअरचं असू शकतं. फाइल जपून ठेवा, पुढे स्वतः प्रयोग नको.

वेबॲप्समध्ये तुम्ही न टाकलेली जेएसपी किंवा वॉर दिसली, किंवा एजेपी आणि मॅनेजर ॲप्लिकेशन बाहेरच्या इंटरनेटवर उघडं सापडलं, तर पुसू नका, रीस्टार्ट करू नका, मशीन नेटवर्कवरून वेगळं करा आणि सुरक्षा बघणाऱ्यांना फोन करा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, तो निर्णय संस्थेच्या वरच्या माणसाने घ्यायचा आहे, तुम्ही रात्री एकट्याने नाही.

हीपची गळती असेल, म्हणजे एक्सएमएक्स वाढवूनही दर आठवड्याला तेच, तर हीप डंप वाचणारा माणूस लागतो. आणि मशीनलाच रॅम पुरत नाही असं हिशेबात आलं तर कोणत्याही सेटिंगने ते सुटणार नाही, संस्थेला तसं लेखी सांगा.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी काही गोष्टी तयार ठेवा: तो पीआयडी, बेस, पोर्टचा कागद, प्रत्येकाची सर्व्हर डॉट एक्सएमएल (पासवर्ड झाकून), डीमेसेजची प्रत, आणि अडकलेल्या प्रोसेसचे दहा-दहा सेकंदांनी घेतलेले तीन जेस्टॅक. हे सगळं रीस्टार्ट करायच्या *आधी* घ्या. रीस्टार्ट केल्यावर जेस्टॅकमध्ये काहीच उरत नाही.